दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : चौदाशे किलोमीटर जास्त, दोन तास कमी

१६ ऑक्टोबर २०१६, रविवार. पहाटे चारच्या सुमारास एअर इंडियाचं एआय १७३ दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. ही थेट सेवा डिसेंबर २०१५ पासून सुरू होती आणि तोवर विमान दिल्ली सोडलं की पश्चिमेकडचा रस्ता धरायचं. अफगाणिस्तान, मध्य आशिया, मग उत्तर अटलांटिक ओलांडून कॅनडावरून खाली कॅलिफोर्नियात. त्या रविवारी ते उलट दिशेला वळलं. बांगलादेश, म्यानमार, चीन आणि जपान ओलांडून ते पॅसिफिकवर गेलं.

नेहमीचा अटलांटिकचा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. पॅसिफिकचा भरला सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशेने जास्त. साडेसोळा तासांच्या जागी लागले मात्र साडेचौदा.

दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारी कोष्टकं इंटरनेटवर ढिगाने सापडतात. त्यांची रीत ठरलेली असते : नकाशावरचं सरळ अंतर घ्यायचं, त्याला ताशी आठशे-नऊशेने भागायचं, वर चढ-उतरणीसाठी अर्धा तास टाकायचा. मुंबई-नागपूरला हे चालून जातं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोला साफ फसतं. का फसतं, ते या एका उड्डाणावरून फार छान कळतं.

सुतळीने मोजलं तर

पृथ्वीगोलावर एक सुतळी दिल्लीवर आणि सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणली, तर ती ज्या रेषेत बसते ते दोन्ही शहरांतलं कमीत कमी अंतर. ते येतं सुमारे १२,३८० किलोमीटर. सपाट नकाशा पाहायची सवय असलेल्याला ही रेषा विचित्र वाटते, कारण ती ना पूर्वेला जाते ना पश्चिमेला. दिल्लीहून ती जवळजवळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कलून निघते. हिमालय आणि तिबेटचा पश्चिम भाग, तकलामकानचं वाळवंट, अल्ताई पर्वत, सायबेरिया असं करत ती सायबेरियाच्याही वरच्या गोठलेल्या समुद्रात ७५ अंश अक्षांशापर्यंत चढते, आणि मग अलास्काच्या उत्तर टोकावरून कॅनडाच्या किनाऱ्याने खाली उतरते.

म्हणजे एकाच प्रवासाची तीन अंतरं झाली : १२,३८०, १३,९०० आणि १५,३००. पहिलं कोष्टकातलं. उरलेली दोन प्रत्यक्ष उडलेली.

मग सुतळीच्या रेषेनेच का उडत नाहीत? पहिली अडचण सुरुवातीलाच येते. तिबेट. विमानाच्या केबिनमधला दाब अचानक गेला तर वैमानिकाला तातडीने साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं. प्रवाशांच्या डोक्यावरून जे पिवळे मुखवटे खाली पडतात, त्यांतला प्राणवायू बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटं पुरतो, कधी त्याहूनही कमी. समुद्रावर किंवा गंगेच्या मैदानावर हा वेळ रग्गड झाला. तिबेटचं पठारच पंधरा हजार फुटांच्या आसपास आहे आणि त्यावरचे डोंगर त्याहून उंच. तिथे दहा हजार फुटांवर उतरायचं म्हणजे जमिनीच्या आत जायचं. जादा प्राणवायू आणि आधीच आखून ठेवलेल्या सुटकेच्या वाटा असतील तरच तिथून जाता येतं, आणि म्हणून बहुतेक कंपन्या पठाराला वळसा घालतात.

दुसरी अडचण ध्रुवाजवळची. तिथे थंडीने टाकीतलं इंधन गोठणबिंदूकडे सरकू लागतं, होकायंत्र भरवशाचं राहत नाही, संपर्काची साधनं बदलावी लागतात आणि गरज पडली तर उतरायचं कुठे याचं उत्तर आधीच लिहून द्यावं लागतं. त्यासाठी वेगळी परवानगी लागते. २०१६ मध्ये ध्रुवीय मार्गावर एकही भारतीय कंपनी उडत नव्हती.

तेव्हा खरी निवड उरली ती वळशाच्या दोन वाटांमधली, एक लहान आणि एक मोठी.

वाऱ्याचं गणित

त्या दिवसांत बातम्यांमध्ये एक उदाहरण बरंच फिरलं. विमान ताशी ८०० किलोमीटरने चाललं आहे असं समजा. अटलांटिकच्या वाटेवर समोरून २४ चा वारा, म्हणून जमिनीवरचा वेग ७७६. पॅसिफिकवर पाठीमागून १३८ चा वारा, म्हणून ९३८.

उदाहरण समजायला सोपं आहे, पण आकडे करून पाहिले तर जुळत नाहीत. १५,३०० ला ९३८ ने भागलं तर सव्वासोळा तास येतात, आणि विमानाने घेतले साडेचौदा. गोम त्या ८०० मध्ये आहे. बोइंग ७७७ अकरा-बारा किलोमीटर उंचीवर ताशी ८९० ते ९०० च्या आसपास चालतं, आठशे हा आकडा हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून धरलेला दिसतो. ८९५ धरा, त्यात १३८ मिळवा, झाले १,०३३. प्रत्यक्षात १५,३०० भागिले साडेचौदा म्हणजे १,०५५. आता जवळपास बसलं. उलट बाजूला १३,९०० भागिले साडेसोळा येतात ८४२, म्हणजे त्या वाटेवर पन्नासेक किलोमीटर वारा समोरून खात होता किंवा चढ-उतरणीत आणि वळणांत वेळ जात होता. दोन्ही थोडं थोडं असणार.

विमान हवेत पोहतं, जमिनीशी त्याचा संबंध फक्त दोन टोकांना. एसी लोकलमध्ये मागच्या डब्यातून पुढच्या डब्याकडे चालत गेलेला माणूस पावलं नेहमीचीच टाकतो, रुळांच्या हिशेबाने मात्र तो गाडीहून पुढे धावत असतो. मग विमानाचं अंतर रुळांवर का मोजायचं? डब्यात मोजू. साडेचौदा तास गुणिले ८९५, म्हणजे सुमारे १३,००० किलोमीटर हवा. साडेसोळा गुणिले ८९५, म्हणजे सुमारे १४,८०० किलोमीटर हवा. इंजिनांनी कापली ती हवा, आणि तिच्या मापाने पॅसिफिकची ‘लांबची’ वाट अठराशे किलोमीटरने जवळची निघते.

उड्डाणाची आखणी करणारी मंडळी हाच हिशेब धरतात. डिस्पॅचर रोज वाऱ्याचा अंदाज घेतो, चार-पाच मार्ग मांडतो आणि प्रत्येकाला लागणारा वेळ व इंधन काढतो. नकाशावर कोणता लहान दिसतो याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. उत्तर पॅसिफिकवर तर मार्गांची आखणीच दररोज नव्याने होते. आज जपानहून अमेरिकेला जायची वाट जिथून गेली तिथूनच ती उद्या जाईल असं नाही.

जाता जाता एक गैरसमज. फेब्रुवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेल्या एका प्रवासी विमानाने जमिनीच्या हिशेबाने ताशी १,२८९ किलोमीटरचा वेग गाठला आणि ‘आवाजाहून वेगवान’ अशी बातमी झाली. आवाजाचा वेग हवेच्या हिशेबाने धरतात. वारा विमानालाच ढकलत होता, विमान त्या वाऱ्याच्या आत नेहमीच्याच चालीने चाललं होतं.

हा वारा कोणाला सापडला

पॅसिफिकवरचा हा झोत, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात, पहिल्यांदा नीट मोजला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने. १९२० च्या दशकात टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेतून तो लहान फुगे आकाशात सोडायचा आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचा. हिवाळ्यात ठरावीक उंचीवर गेले की फुगे पूर्वेकडे सुसाट सुटत. त्याने १९२६ मध्ये निष्कर्ष छापले, आणि जगाला कळावं म्हणून छापले एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत. परिणाम काय व्हायचा तोच झाला : जपानबाहेर कोणी वाचलंच नाही.

नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर तीस हजार फुटांवरून बॉम्ब टाकायला आली, तेव्हा हा वारा त्यांना अनुभवाने कळला. बॉम्ब भलतीकडेच पडत होते. त्याच महिन्यापासून जपानने याच वाऱ्यावर स्फोटकं बांधलेले सुमारे ९,००० फुगे अमेरिकेकडे सोडले. बहुतेक समुद्रात गेले. ओरेगॉन राज्यात मात्र मे १९४५ मध्ये त्यांतल्या एकाने सहा जणांचा जीव घेतला.

प्रवाशांच्या उपयोगाला हा वारा आला १९५२ मध्ये. पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीने टोकियोहून होनोलुलूला जाणारं विमान मुद्दाम २५,००० फुटांवर नेलं आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत उरकला. एअर इंडियाने २०१६ मध्ये केलं ते तत्त्वतः हेच. फक्त त्यासाठी दिल्लीहून इतक्या लांब पूर्वेला जायची तयारी दाखवली.

आपल्यासाठी त्यातला एक धागा जवळचा आहे. हिवाळ्यात या झोताची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर भारतावरून वाहते. तिच्याबरोबर येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीरला बर्फ आणि पंजाबला रब्बीचा पाऊस देतात. पुढे चीनवरून जपानकडे जाताना ती उत्तरेकडच्या झोताला मिळते आणि जपानच्या आसपास जगातले अतिशय जोरदार वारे तयार होतात, हिवाळ्यात ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जाणारे. म्हणजे दिल्लीच्या डोक्यावरून निघालेला वाराच विमानाला पॅसिफिकपार सोडतो. पावसाळ्यात हा झोत तिबेटच्या उत्तरेला सरकतो आणि मंदावतो. म्हणून ऑक्टोबरमधले साडेचौदा तास जुलैमध्ये मिळतीलच असं नाही. त्यामुळे ‘पॅसिफिकने दोन तास वाचतात’ हे वाक्य महिना न सांगता अर्धवटच राहतं.

पैशांच्या भाषेत

या मार्गावर बोइंग ७७७-२००एलआर हे विमान होतं, एअर इंडियाच्या रचनेत २३८ आसनांचं. त्याच्या टाकीत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं आणि तासाला साधारण सात टन जळतं. दोन तास म्हणजे चौदा टन. माझा हा हिशेब ढोबळ आहे, कारण विमान सुरुवातीला जड असतं तेव्हा जास्त पितं आणि शेवटी हलकं झालं की कमी. पण खरी बचत याहूनही थोडी जास्तच असते. पंधराव्या-सोळाव्या तासाला लागणारं इंधन आधीचे चौदा तास वाहून न्यावं लागतं आणि ते वाहण्यासाठीही इंधन जळतं. जितका प्रवास लांब तितका हा व्याजावर व्याजाचा प्रकार वाढत जातो. इतक्या लांबच्या उड्डाणात इंधन आणि प्रवाशांचं सामान एकाच वजनमर्यादेत भांडत असतात, त्यामुळे कधी कधी जागा रिकाम्या ठेवून निघावं लागतं. वेळ कमी झाला की तोही ताण सुटतो.

दोन इंजिनांचं विमान पॅसिफिकच्या मध्यावर नेताना आणखी एक अट पाळावी लागते. एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे. म्हणून नकाशावर मिडवे बेट, अलास्कातलं कोल्ड बे अशी एरवी कोणी नावही घेणार नाही अशी ठिकाणं महत्त्वाची होऊन बसतात.

परतीला काय? जो वारा जाताना पाठीशी, तोच त्या वाटेने येताना छातीवर. म्हणून परतीचं विमान पॅसिफिकने आलंच नाही. तेही पूर्वेकडेच, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून दिल्लीला. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा. लांबची वाट वाऱ्याच्या जोरावर मारण्याची या विमानाला सवयही होती. नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंगने याच ७७७-२००एलआरने हाँगकाँगहून लंडन गाठलं, तेही मुद्दाम पूर्वेकडून, पॅसिफिक आणि अमेरिका ओलांडून. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं.

‘जगातलं सर्वांत लांब विना-थांबा उड्डाण’ असा एआय १७३ चा तेव्हा गाजावाजा झाला. प्रत्यक्ष उडलेलं अंतर धरलं तर खरं. पण सुतळीचं अंतर धरलं, तर त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालेलं एमिरेट्सचं दुबई-ऑकलंड सुमारे १४,२०० किलोमीटरचं, आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को त्याच्या जवळपासही नाही. विक्रमांची नोंद साधारणपणे सुतळीनेच होते आणि ते बरंच आहे, नाहीतर जास्त वळसा घालेल तो जिंकेल.

घड्याळाची गंमत वेगळीच. विमान रविवारी पहाटे चारला निघालं आणि रविवारीच सकाळी साडेसहाच्या सुमारास तिथे उतरलं. तिकिटावर पाहिलं तर अडीच तासांचा प्रवास. मधल्या काळात त्याने आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, तेव्हा बाहेर रविवारची संध्याकाळ होती ती एका क्षणात शनिवारची झाली, आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा रविवार उजाडला. संकष्टीचा उपास असलेल्या माणसाने अशा विमानात चंद्रोदय कुठला धरायचा, याचं उत्तर पंचांगात नाही. वेळ काढायची रीत मात्र सोपी आहे. ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे असतं, अडीच अधिक साडेबारा म्हणजे पंधरा. त्यात धावपट्टीवरचा वेळही आला. हिवाळ्यात घड्याळं बदलली की साडेबाराचे साडेतेरा होतात.

पुढे काय झालं

पॅसिफिकची वाट एकदा चालून पाहिली आणि कायमची ठरली, असं झालं नाही. दिवस, ऋतू आणि राजकारण पाहून वाटा बदलत राहिल्या.

२७ फेब्रुवारी २०१९ ला, बालाकोटनंतर, पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं आणि ते १६ जुलैपर्यंत बंदच राहिलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेला गुजरातकडे उतरून अरबी समुद्रावरून जावं लागलं. २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटींचा भुर्दंड पडल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. इथे अंतर वाऱ्याने वाढलं नव्हतं, सरहद्दीने वाढलं होतं, आणि तेवढ्यापुरती पूर्वेकडची वाट शहाणपणाची ठरली, कारण तिला पाकिस्तान लागतच नाही.

आकाश उघडल्यावर महिन्याभरात, १५ ऑगस्ट २०१९ ला, एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को ध्रुवीय प्रदेशावरून नेलं. परवानग्या मिळाल्या होत्या. आधीच्या दोन्ही वाटांपेक्षा ही सुतळीच्या रेषेला जवळची. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बंगळूरु ही चौदा हजार किलोमीटरची सेवाही, चारही महिला वैमानिक घेऊन, ध्रुवावरून सुरू झाली. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान डिसेंबर २०२२ मध्ये आलं. सुतळीने साडेतेरा हजार किलोमीटर. बे एरियात मुला-नातवंडांकडे जाणाऱ्या मराठी आजी-आजोबांची फ्रँकफर्ट नाहीतर दुबईतली व्हीलचेअरची वरात त्यामुळे टळली.

जवळच्या वाटेची किंमत जून २०२३ मध्ये दिसली. तोवर युक्रेन युद्धामुळे अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं होतं, भारतीय कंपन्यांना नव्हतं. ६ जूनला दिल्लीहून निघालेल्या एआय १७३ च्या एका इंजिनात बिघाड झाला आणि २१६ प्रवासी व १६ कर्मचाऱ्यांसह ते रशियाच्या अतिपूर्वेला, मगादानला उतरलं. विमान सुखरूप उतरलं, नियम जसे आखले होते तसेच कामी आले. पण मगादानमध्ये कंपनीचा एकही माणूस नव्हता आणि इतक्या लोकांना पुरतील इतकी हॉटेलं नव्हती. काही जण वसतिगृहात जमिनीवर गाद्या टाकून झोपले. मुंबईहून दुसरं विमान खाण्यापिण्याचं सामान घेऊन गेलं आणि ८ जूनला सकाळी साडेदहाच्या सुमारास सगळ्यांना घेऊन निघालं. वाररेषेच्या कृपेने सॅन फ्रान्सिस्कोत ते ८ जूनच्याच मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी उतरलं.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आकाश पुन्हा बंद केलं. दिल्ली आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांमधली विमानं व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबू लागली, आणि सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं विमान कोलकात्यात उतरू लागलं. तिकिटावरचं अंतर त्या दिवसांतही तेच होतं.